समुद्र नसलेल्या जिल्ह्यांतील सागरविद्या



बीदरच्या किल्ल्याच्या सर्वांत उंच बुरुजावर उभे राहिले तरी समुद्र दिसत नाही. दिसते ती लाल माती, पठाराची कड आणि खाली मांजरेचे खोरे. नकाशा पुढे घेतला म्हणजे मात्र एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. पश्चिमेला कोकणातील दाभोळ आणि पूर्वेला आंध्रातील मच्छलीपट्टण, या दोन जुन्या बंदरांपासून बीदरचे अंतर सरळ रेषेत सव्वाचारशे ते पावणेपाचशे किलोमीटरांच्या आत आहे. म्हणजे हे शहर दोन समुद्रांपासून सारखेच दूर आहे, किंवा असेही म्हणता येईल की दोन्ही समुद्रांना ते सारखेच जवळ आहे. यांतले कोणते विधान करायचे हे बोलणाराच्या दृष्टीवर अवलंबून आहे. पंधराव्या शतकात बीदरच्या गादीवर बसलेल्यांनी दुसरे विधान खरे मानले होते.

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंद येथील एखाद्या मराठी घरातला मुलगा वा मुलगी पदवी घेते आणि पुढे काय करावे याचा विचार करू लागते, तेव्हा सागरविषयक संशोधन हा पर्याय त्यांच्या मनाला शिवतही नाही. तो मुंबईकरांचा, गोवेकरांचा, फार तर रत्नागिरीकरांचा विषय, अशी समजूत असते. ही समजूत साफ चुकीची नाही. समुद्राच्या तळाशी जाऊन बुडालेली जहाजे पाहायची तर पोहता आले पाहिजे, पाणबुड्याचे शिक्षण घेतले पाहिजे, आणि ते मांजरेच्या डोहात मिळत नाही. पण सागरविद्येचा हा एक छोटा भाग झाला. जहाज किनाऱ्याला लागल्यावर त्यातला माल कोठे जात होता, त्यासाठी कर्ज कोण देत होते, व्याज किती होते, खलाशांची व व्यापाऱ्यांची कज्जेदलाली कोणत्या कायद्याने मिटत होती, घाटावरून मीठ कोण आणीत होते, या प्रश्नांची उत्तरे किनाऱ्यावर अर्धीच सापडतात. उरलेली अर्धी आत, पठारावर आहेत. इतिहास, भूगोल, भाषा, पुरातत्त्व, धातुशास्त्र, धर्मशास्त्र अशा अनेक विद्या एकत्र आणल्याखेरीज ती हाती लागत नाहीत. अलीकडे ज्याला आंतरविद्याशाखीय अभ्यास असे भारदस्त नाव मिळाले आहे तो मूळचा हाच उद्योग होय.

मराठीत समुद्राविषयी लिहिले गेलेले नाही असे नाही. तथापि ते बहुतांशी जलदुर्ग, शिवछत्रपतींचे आरमार आणि कान्होजी आंग्रे एवढ्यांतच फिरत राहिले. विषय थोरच आहेत. परंतु आरमार ज्या व्यापाराच्या रक्षणासाठी उभे राहते, त्या व्यापाराची पेठ कोठे होती, हे विचारण्याची सवय आपल्या इतिहासलेखनाला फारशी लागली नाही. ती विचारली की वाट थेट घाट चढून या दोन जिल्ह्यांत येते.

प्रारंभ कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडपासून करावा. सेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी असलेले हे गाव म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. इ. स. ८५१ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या अरबी वृत्तान्तात जगातील चार थोर राजांची गणना आहे. बगदादचा खलीफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि चौथा ‘बल्हरा’. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूट राजाची पदवी. अरबी दर्यावर्द्यांना या राजाचे एवढे कौतुक का वाटावे, याचा उलगडा एका ताम्रपटाने केला. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ च्या, तिसऱ्या इंद्राच्या काळातील त्या लेखात संजाण मंडळाच्या अधिपतीचे नाव मधुमती असे दिले आहे. हा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असावे, असे विद्वान मानतात. दुसऱ्या कृष्णराजाने त्याची नेमणूक केली होती. त्याने आसपासची बंदरे ताब्यात घेऊन तेथे आपली माणसे नेमली, दोन प्रवाहांवर फुकट तरीची सोय केली, आणि भात, कालवण व तूप यांचे अन्नछत्र घातले. देवीच्या मठिकेला दिलेल्या दानातही त्याचा हात आहे. मळखेडच्या राजाचा अरब सुभेदार कोकण किनाऱ्यावर देवीच्या मठाची व्यवस्था लावतो आहे, हे दृश्य कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या ठोकळ्यात बसणारे नाही. लेख संस्कृत, अधिकारी अरब, राजधानी कानडी मुलखात आणि किनारा आज मराठी. एकाच भाषेचा अभ्यासक या पटापुढे लंगडा पडतो.

अल्-मसूदी हा प्रख्यात अरब लेखक इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने लिहिले आहे. बल्हराची राजधानी मानकीर समुद्रापासून ऐंशी सिंधी फर्सख दूर आहे आणि एक फर्सख आठ मैलांचा, असा हिशोबही त्याने दिला आहे. म्हणजे सहाशे चाळीस मैल. कोणताही मैल धरला तरी हा आकडा प्रत्यक्षाहून कितीतरी मोठा आहे. मळखेड किनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर असेल नसेल. मसूदीने हे अंतर चौलच्या बाजारात ऐकले असावे, चालून पाहिले नसावे. या आकड्याची गाठ पुढे दुसऱ्या एका प्रवाशाच्या आकड्याशी घालायची आहे, म्हणून तो ध्यानात असू द्यावा.

मळखेडनंतर कल्याण. आजचे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी, आणि येथे सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत (१०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. हिंदू वारसा कायद्याचा ग्रंथ म्हणून वकील मंडळी तिला ओळखतात. याज्ञवल्क्य स्मृतीवरील या टीकेत ऋणादानाचे प्रकरण आहे. सामान्य कर्जावर दरमहा शेकडा दोनपासून पाचपर्यंत व्याज, अरण्यातून व्यापार करणाऱ्याला शेकडा दहा, आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस, असा मूळ स्मृतीचा दर आहे. विज्ञानेश्वर त्याचे कारण सांगतो, ते मुद्दलच बुडण्याच्या भीतीचे. सागरी विम्याच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने थांबून वाचावे असे हे स्थळ आहे, आणि ते लिहिले गेले समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या राजधानीत. स्मृतीतला हा दर विज्ञानेश्वराच्या काळी खरोखर चालू होता की तो केवळ जुन्या वचनाचा अर्थ लावीत होता? त्या काळचे कानडी शिलालेख व्यापारी संघांच्या नावांनी भरलेले आहेत. त्यांतील व्याजाचे दर या वचनाशेजारी मांडून पाहणे हा एका प्रबंधाचा विषय सहज होईल.

त्याच कल्याणात विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात हा त्यातला उल्लेख मराठीचा प्रत्येक विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतो. त्याच ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे, हे मात्र मराठीच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते. समुद्रातील व नद्यांतील माशांची नावे, त्यांचे आकार, त्यांना घालायचे खाद्य, गळ टाकण्याची रीत असे सर्व तपशील तेथे आहेत. संस्कृतज्ञांनी हे प्रकरण राजाची करमणूक म्हणून सोडून दिले. त्याकडे बारकाईने पाहिले ते सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक असलेल्या होरांनी १९५१ साली त्यावर निबंध लिहून संस्कृत नावांमागचे मासे ओळखण्याचा प्रयत्न केला. आंतरविद्याशाखीय या शब्दाची व्याख्या विचारणाऱ्या विद्यार्थ्याला तो निबंध वाचायला द्यावा. होरांचे काम संपले असे मात्र नाही. माशांची ती नावे कानडी, मराठी आणि कोकणी कोळ्यांच्या बोलींशी ताडून पाहणे बाकी आहे, आणि ते प्राणिशास्त्रज्ञाला एकट्याने जमणारे नाही.

आता बीदर. इ. स. १४५३ साली इराणच्या गीलान प्रांतातला एक व्यापारी दाभोळच्या बंदरात उतरला. वय चाळिशी ओलांडलेले. बीदरला येऊन काही सत्पुरुषांची भेट घ्यावी आणि माल विकावा एवढाच त्याचा बेत होता. तो परत गेला नाही. महमूद गावान हे त्याचे नाव. बहमनी राज्याचा तो वजीर झाला आणि ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, ही पदवी त्याला मिळाली. वजिराला व्यापाऱ्यांचा प्रमुख म्हणणारे हे राज्य आपली नाळ कोठे जोडलेली आहे हे चांगले ओळखून होते. १४७२ साली गोवे बहमन्यांच्या ताब्यात आले ते गावानच्याच मोहिमेने, आणि त्याच वर्षाच्या सुमारास बीदरचा मदरसा उभा राहिला. १४८१ च्या एप्रिलमध्ये खोट्या पत्राच्या आधारावर सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला.

गावानने लिहिलेल्या फारसी पत्रांचा संग्रह ‘रियाज-उल्-इन्शा’ या नावाने उपलब्ध असून तो १९४८ साली हैदराबादेत छापला गेला. त्यात तुर्कस्थानच्या सुलतानाला, गीलानच्या राज्यकर्त्यांना, इराणी कवी जामीला लिहिलेली पत्रे आहेत. कोकणच्या मोहिमेच्या काळातली पत्रेही आहेत. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर येथील राजांची गलबते व्यापाऱ्यांना आणि हजच्या यात्रेकरूंना लुटतात, हे या मोहिमेचे कारण दिले जाते. गावानच्या दृष्टीने ते चाचे होते. त्या राजांच्या दृष्टीने गावान कोण होता? त्यांच्या बाजूने लिहिलेले पत्र आजवर पुढे आलेले नाही. संगमेश्वरच्या खाडीत गाळाखाली काय आहे, विशाळगडाच्या पायथ्याच्या जुन्या घाटवाटा कोठे उतरतात, स्थानिक देवस्थानांच्या कथांत कोणत्या लढाईची आठवण आहे, हे पाहिल्याशिवाय हा खटला एकतर्फीच राहणार. बीदरच्या विद्यार्थ्याने येथे पत्रे वाचावीत आणि मग संगमेश्वरास जावे. उलट दिशेने येणारा कोकणी विद्यार्थी सापडला तर अधिकच बरे.

गावान वजीर असतानाच चौलच्या बंदरात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी उतरला. त्वेर गावचा हा माणूस ओर्मुझहून घोडा बरोबर घेऊन आला होता, कारण दख्खनमध्ये घोड्याला सोन्याचा भाव येतो असे त्याने ऐकले होते. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका खोजाच्या रदबदलीने तो घोडाही वाचला आणि धर्मही. पुढे बीदरला तो राहिला आणि घोडा तेथेच विकला. त्याच्या प्रवासावर १९५७ साली ‘परदेसी’ नावाचा भारत-सोव्हिएत चित्रपट निघाला होता, तो काही जुन्या सभासदांनी पाहिलाही असेल. चित्रपटातला निकितीन प्रेमात पडतो. वहीतला निकितीन बहुतेक वेळ भाव, जकात, अंतरे आणि आपल्या धर्माचे सण चुकल्याचा खेद यांतच गुंतलेला आहे. संशोधकाच्या उपयोगी तोच पडतो.

या वहीत आळंद आहे. शेख अल्लाउद्दीन यांच्या नावाने वर्षातून एकदा बाजार भरतो, तो दहा दिवस चालतो, सगळ्या हिंदुस्थानातून व्यापारी येतात, वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात आणि या मुलखात यासारखा दुसरा बाजार नाही, असे निकितीन लिहितो. हे स्थळ म्हणजे लाडले मशायख यांच्या दर्ग्याचे आळंद, असे अभ्यासक मानतात. वीस हजार हा आकडा बाजारातला असेल, म्हणून तो जसाच्या तसा घेऊ नये. पण अरबस्तान आणि इराणातून समुद्रमार्गे आलेला घोडा चौल, दाभोळ वा गोव्याला उतरत होता आणि विकला जात होता तो आळंदच्या माळावर, एवढे तरी यातून निश्चित होते. ज्या व्यापारासाठी बहमनी, विजयनगर आणि पुढे पोर्तुगीज गोव्यासाठी झुंजले, त्याची एक प्रमुख पेठ या सीमाभागात होती.

बीदरपासून आळंद बारा कोव, असे निकितीन सांगतो, आणि एक कोव म्हणजे दहा व्हर्स्ट, असाही खुलासा करतो. व्हर्स्ट किलोमीटरहून जरासा मोठा. म्हणजे एकशेपंचवीस किलोमीटरांच्या आसपास. प्रत्यक्षात सरळ रेषेतील अंतर शंभराहून थोडे अधिक भरते, आणि वाट कधी सरळ रेषेत जात नाही. रशियाच्या टोकाहून आलेल्या माणसाचा हिशोब इतका चोख उतरतो, आणि त्याच्याहून कितीतरी मोठा विद्वान असलेल्या मसूदीचा इतका चुकतो. मसूदी किनाऱ्यावर थांबला होता आणि निकितीन आत आला होता. क्षेत्रीय अभ्यास कशासाठी, असे विचारणाऱ्या परीक्षकापुढे हे दोन आकडे ठेवावेत.

या सर्व साधनांची भाषा पाहिली तर संस्कृत, जुनी कानडी, अरबी, फारसी, रशियन, पोर्तुगीज आणि मोडीतली मराठी, अशी यादी होते. ती पाहून विद्यार्थी घाबरतो. पण सीमाभागातल्या विद्यार्थ्याने इतके घाबरण्याचे कारण नाही. घरी मराठी, शाळेत कानडी, बाजारात दखनी उर्दू, कचेरीत इंग्रजी, अशा चार भाषा तो विशेष न शिकता बोलतो. आजवर हे त्याचे दैन्य मानले गेले. धड मराठी नाही, धड कानडी नाही, असे दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागले. दोन्ही राज्यांच्या राजधान्यांतल्या स्पर्धा परीक्षांत त्याचा तोटाही होतो, हे खोटे नाही. सागरविद्येच्या या शाखेत मात्र पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला जे वर्षानुवर्षे खपून मिळवावे लागते, ते याला उंबरठ्यातच मिळालेले असते. उर्दू बोलणाऱ्याला फारसी लिपी आणि अर्धा शब्दसंग्रह आधीच ओळखीचा असतो. कानडी वाचणाऱ्याला हळेगन्नड शिकता येते.

याचा दाखला दूर शोधायला नको. सेतुमाधवराव पगडी १९१० साली निलंग्यास जन्मले. निलंगा तेव्हा निजामाच्या राज्यातील बीदर जिल्ह्यात होते. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू आणि फारसी या भाषांत त्यांचा सारखाच संचार होता. आदिवासी मुलखात नोकरी लागली तेव्हा ते गोंडीही शिकले. मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणण्याचे त्यांचे काम सर्वश्रुत आहे. हे सर्व त्यांनी विद्यापीठाच्या प्राध्यापकीत नव्हे, तर सरकारी चाकरी सांभाळून केले. पुण्यात ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे खंड संपादिले, गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तर उलगडले आणि १९६७ साली ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीला दिला. या तिघांनंतर त्यांच्या तोडीची बहुभाषिक तयारी असणारे मराठी अभ्यासक हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. जागा रिकामी आहे.

क्षेत्रीय कामाचे विषय तर पावलोपावली आहेत. बीदरच्या नौबादेतील कारेझ घ्यावी. जमिनीखालून बोगद्याने पाणी आणण्याची ही विद्या इराणची. ती येथवर आणणारी माणसे ज्या वाटेने गावान आला त्याच वाटेने आली असण्याचा संभव मोठा. भूगोलाच्या अभ्यासकांनी अलीकडच्या काळात तिचा मागोवा घेतला आहे, पण तिच्या दुरुस्तीचे, हक्काचे, पाणीवाटपाचे जुने कागद शोधण्याचे काम भाषेच्या माणसाचे. मदरशाच्या भिंतीवर उरलेल्या रंगीत चकचकीत फरशा इराणातून गलबतात भरून आल्या की येथील भट्टीत भाजल्या गेल्या, हे त्यांच्या मातीच्या व लुकणाच्या विश्लेषणाने ठरवता येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात विश्वास गोगटे यांनी मातीच्या भांड्यांतील खनिजांची क्ष-किरणांनी तपासणी करून प्राचीन भांडी कोठल्या मातीची हे दाखवले, आणि चौल येथे उत्खननही केले. तोच मार्ग येथे लागू पडतो.

बिदरी कामाचेही तसेच. बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडे तांबे. जुने जस्त राजस्थानातील झावरच्या खाणींतून निघत असे आणि पुढे चीनचे जस्त डच व पोर्तुगीज जहाजांतून येऊ लागले. बीदरच्या जुन्या सुरईत यांतले कोणते आहे? धातुशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेत ते सांगू शकेल. परंतु सुरई कोणत्या काळची, कोणत्या घराण्यात राहिली, हे कारागिरांच्या घरी बसून विचारावे लागेल, आणि ते विचारायला दखनी लागेल.

मिठाचा विषय याहून मोठा आहे आणि तो संपत चालला आहे. रेल्वे येण्यापूर्वी कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरील गोणींतून घाट चढून येथे येई आणि येथले धान्य खाली जाई. ही वाहतूक लमाणांच्या तांड्यांची. लमाण हे नावच लवणावरून आले, असे अनेकांचे मत आहे. औराद, चिंचोळी, आळंद या तालुक्यांतील तांड्यांत आजही गोरबोली बोलली जाते. वाटांची, मुक्कामांची, पाणवठ्यांची नावे तेथील गीतांतून जिवंत असतील तर ती आताच टिपली पाहिजेत, कारण ती गाणाऱ्या म्हाताऱ्या स्त्रिया आणखी वीस वर्षे थांबणार नाहीत. या कामाला सर्वांत लायक कोण, तर त्याच तांड्यातून पदवीधर झालेली मुलगी. तिला ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणि थोडे भाषाशास्त्र एवढेच लागेल.

आता सोयींविषयी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम. ए. साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. गोव्यात दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील सागरी पुरातत्त्वाचे काम शिकारीपूर रंगनाथ राव या कर्नाटकच्या सुपुत्राने उभे केले आणि द्वारकेचा शोध त्यातूनच झाला. मुंबईत व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या पुढाकाराने १९७८ साली स्थापन झालेल्या सागरी इतिहास संस्थेने बी. अरुणाचलम यांचा भारतीय नौकानयनाच्या वारशावरील ग्रंथ २००२ साली काढला. अरुणाचलम भूगोलाचे प्राध्यापक, पण जुन्या खलाशांच्या पोथ्या त्यांनी वाचल्या. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकता येते. पणजीच्या दफ्तरखान्यात मान्सूनच्या वाऱ्याने येणाऱ्या जहाजांतून चाललेला पोर्तुगालच्या राजाशी पत्रव्यवहार जपलेला आहे. फारसीसाठी फार लांब जायला नको. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठात तिचा विभाग आहे, आणि तारनाक्याच्या दफ्तरखान्यात मोगलांच्या दख्खन कारभाराचे कागद आहेत. हैदराबाद बीदरपासून रेल्वेने वा मोटारीने काही तासांच्या अंतरावर. सर्वांत जवळची सोय तर आळंद तालुक्यातच आहे. २००९ साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ कडगंचीला आहे, निकितीनच्या घोडेबाजारापासून हाकेच्या अंतरावर म्हटले तरी चालेल. कलबुर्गीचे विद्यापीठ तर १९८० पासून आहे.

पैशाचा प्रश्न उरतोच. विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. ती मिळणारे थोडे आणि न मिळणारे फार. बाकीच्यांचे प्रवास, हैदराबादची खोली, गोव्याचा महिनाभराचा मुक्काम, फारसीची दोन वर्षे, हे सर्व शेतकरी बापाने कसे सोसावे? आणि एवढे करून नोकरी मिळेल, असे आश्वासन कोणी प्रामाणिक माणूस देणार नाही. पुरातत्त्वाच्या व इतिहासाच्या कायम जागा फार कमी निघतात. ज्याला तीन वर्षांत संसार उभा करायचा आहे त्याने बी. एड. करावे, हा जुना सल्ला अजून खोटा ठरलेला नाही. पण पगडींप्रमाणे नोकरी आणि संशोधन ही दोन बिऱ्हाडे एका घरात नांदवणारेही असतात. शिक्षक, तलाठी, बँकेतील कारकून यांपैकी कोणीही सुटीचे दहा दिवस काढून एखादी घाटवाट चालू शकतो, एखाद्या तांड्यावर बसू शकतो. देणगीदारांना विचारणे एवढेच की, इमारतीच्या कोनशिलेवर जसे नाव कोरले जाते तसे एखाद्या विद्यार्थ्याच्या फारसीच्या दोन वर्षांवर कोणी कोरून घेईल काय? खर्च कोनशिलेपेक्षा फार होणार नाही.

वाचनालयापुरते बोलायचे तर काम घरातच आहे. १९५६ च्या भाषावार रचनेत हा भाग कर्नाटकात आला तेव्हापासून मराठी शाळांची पटसंख्या ओसरत गेली आणि मोडी वाचणारी पिढी जवळजवळ संपली. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या वाड्यांतली दफ्तरे माळ्यावरून उतरली ती बऱ्याचदा रद्दीवाल्याच्या तराजूत. त्यांत जकातीच्या नोंदी असत, बाजारपट्ट्या असत, कोणत्या घाटाने कोणता माल आला याचे हिशोब असत. महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते. त्या वर्गाला दोन जण धाडणे आणि सभासदांच्या घरांतील उरलेली दफ्तरे निदान यादीपुरती उघडणे, एवढे शंभर वर्षांच्या संस्थेला अवघड नसावे. कागद घरमालकाकडेच राहू द्यावेत. यादी मात्र वाचनालयात असावी.

शेवटी पुन्हा आळंद. निकितीन हिंदुस्थानात नेमका केव्हा होता यावर रशियन विद्वानांत मतभेद आहेत. जुने मत १४६९ ते १४७२ असे, नंतरचे १४७१ ते १४७४ असे. आळंदचा बाजार रशियन ‘पोक्रोव’ सणाला भरला होता, असे तो लिहितो. हा सण त्यांच्या जुन्या पंचांगात १ ऑक्टोबरला येतो. बाजार शेख अल्लाउद्दीन यांच्या स्मरणार्थ, म्हणजे हिजरी तिथीने बांधलेला असावा. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, तेव्हा दोन वर्षांत बावीस दिवसांचा फरक पडतो, आणि दहा दिवसांच्या बाजारात तो लपत नाही. आळंदच्या एखाद्या पदवीधराने उरुसाची परंपरागत तिथी विचारून आणली आणि त्या वर्षांच्या जंत्रीशी ताडून पाहिली, तर दोन मतांपैकी कोणते टिकते याचा अंदाज बांधता येईल. अर्थात पाचशे वर्षांत ती तिथी किंवा बाजाराचा दिवस बदलला नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे. त्यासाठी दर्ग्याच्या इनामाचे जे काही जुने कागद कोणाच्या घरी निघतील ते वाचावे लागतील. ते फारसीत असतील आणि त्यांच्या पाठीवरचे शेरे मोडीत.